हँडल लॉकच्या भरवशावर उभी असलेली गाडी

रात्री पुण्यातल्या कुठल्याही पेठेत किंवा उपनगरातल्या सोसायटीबाहेर एक चक्कर मारा. कडेला ओळीने लावलेल्या दुचाक्यांमध्ये हँडल लॉकखेरीज दुसरं काही लावलेली गाडी शोधावी लागते. ७० हजारांपासून २ लाखांपर्यंतची वस्तू लोक एका पिनेच्या भरवशावर रस्त्यावर ठेवतात आणि सकाळी ती जागेवर असेल असं धरून झोपतात. त्या पिनेबद्दल आधी सविस्तर बोलायला हवं, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो.

चावी फिरवून हँडल लॉक केलं की कुलपातून एक छोटी पिन बाहेर येते आणि चॅसिसच्या डोक्यावरच्या खाचेत बसते. हँडल ज्या आसावर फिरतं त्यापासून ही पिन साधारण ३ ते ४ सेंटीमीटरवर असते. हँडलचं टोक मात्र त्याच आसापासून ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतं. म्हणजे चोराच्या हातात दहापट तरफ आयती येते. त्याने टोकावर ४० किलोचा जोर लावला की पिनेवर ४०० किलोच्या आसपास जोर पडतो, आणि लाथ मारली तर आणखी. पिन पोलादी असली तरी ती जिच्यात बसते ती कुलपाची बॉडी बहुतेक गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, ती तडकते. एक कडक आवाज येतो आणि काम संपतं. पिनेची जागा बदलल्याशिवाय ही तरफ कमी होणार नाही, त्यामुळे हा दोष एखाद्या स्वस्त मॉडेलपुरता नाही. हँडल लॉक रस्त्याने जाता-जाता कुणी गाडी हलवू नये यासाठी ठीक आहे. चोरासाठी ते बनलेलंच नाही.

पुढचा टप्पा इंजिन सुरू करण्याचा. इग्निशन स्विचच्या वायरी एका कपलरने मुख्य वायरिंगला जोडलेल्या असतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये चावी बंद केल्यावर सीडीआयची (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) एक वायर अर्थ होते, म्हणजे चॅसिसला जोडली जाते, आणि स्पार्क थांबतो. तो कपलर नुसता उपटला की अर्थ तुटतो आणि गाडी किक मारताच सुरू होते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ईसीयूला (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला १२ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणून तिथे कपलरमध्ये वायरचा तुकडा घालावा लागतो. फरक एवढाच. १०-१२ वर्षं जुन्या गाड्यांना तर वायरिंगला हात लावायचीही गरज पडत नाही. कुलपातल्या पितळी पट्ट्या झिजलेल्या असतात आणि तशाच मापाची दुसरी घासलेली चावी त्यात फिरते. तुमची गाडी चालू असताना चावी हाताने बाहेर निघत असेल, तर ते कुलूप संपलं आहे. लॉक-सेट बदला, उद्यावर टाकू नका.

आणि इंजिन सुरू नाही झालं तरी गाडी जातेच. दुसरा माणूस मागून आपल्या गाडीवरून येतो, चोरलेल्या गाडीच्या फूटरेस्टला पाय लावतो आणि टोचन करत घेऊन जातो. रस्त्यावर बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल संपलंय बिचाऱ्याचं. त्यामुळे चाक फिरू न देणं ही पहिली गरज आणि इंजिन सुरू होऊ न देणं ही दुसरी. बाजारात मात्र लोक उलट क्रमाने पैसे घालवतात.

चाक अडवायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे डिस्क लॉक, ब्रेकच्या चकतीच्या भोकात पिन घालणारं कुलूप. घेताना पिनेची जाडी आणि तुमच्या डिस्कची भोकं जुळवून घ्या. काही गाड्यांच्या डिस्कची भोकं ६ मिमीच्या पिनेपुरतीच असतात, १० मिमीची पिन त्यात जातच नाही. लॉक शक्यतो कॅलिपरला (चकती पकडणारा ब्रेकचा भाग) खेटून लावा, म्हणजे गाडी हलवायला इंचभरही मोकळीक मिळत नाही आणि हातोडी मारायला जागा राहत नाही. त्याच्यासोबत येणारी पिळाची भडक वायर हँडलपर्यंत ओढून ठेवलीच पाहिजे. ती नसेल तर कधीतरी घाईत तुम्हीच लॉकसकट गाडी पुढे घ्याल, लॉक कॅलिपरवर आदळेल, डिस्क वाकेल, आणि उतारावर असाल तर गाडी अंगावर येईल. सायरनवाल्या डिस्क लॉकमध्ये बटण सेल असतात. पावसाळ्यात आत पाणी गेलं की तो एकतर मुका होतो किंवा रात्रभर ओरडतो. ड्रम ब्रेकच्या गाडीला डिस्क लॉक बसतच नाही, तिथे साखळी.

साखळीबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा, कडीची जाडी. दुकानात प्लास्टिकच्या नळीत मिळणारी ६ ते ८ मिमीची साखळी मोठ्या बोल्ट कटरने काही सेकंदांत तुटते. त्यातल्या बऱ्याच साध्या लोखंडाच्या असतात, कडक केलेल्या पोलादाच्या नसतात. कडक पोलादाची १२-१३ मिमीची साखळी साध्या कटरला दाद देत नाही, १६ मिमीची तर हाताच्या कुठल्याच कटरला देत नाही. पण तिच्या मीटरभर लांबीचं वजन ५ किलोच्या आसपास भरतं. ती रोज गाडीवर घेऊन कोणी फिरणार नाही, फिरूही नये. घरच्या पार्किंगमध्ये जागेवर ठेवायची ती वस्तू आहे. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर मात्र तीही एक-दोन मिनिटांत कापतो. मग जाड साखळी का घ्यायची? कारण ग्राइंडर लपत नाही. आवाज आणि ठिणग्या सगळ्या गल्लीला दिसतात. कटरवाला चोर बिनआवाजी काम करतो, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये भीती मुख्यतः त्याचीच आहे.

साखळी लावायची तरी कशी? पुढच्या चाकातून नको, एक अ‍ॅक्सल काढला की चाक तिथे राहतं आणि गाडी जाते. मागच्या चाकातून आणि जमल्यास स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणारा दांडा) आतून घ्या. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीला टेकलेल्या कडीवर कटरचा एक दांडा रोवून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं, हातोडीलाही ऐरण मिळते. ताणून, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आणि साखळी कशाला तरी बांधलेली असलीच पाहिजे. कम्यूटर गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास असतं, दोघे जण ती उचलून टेम्पोत टाकतात. १९५ किलोची ३५० सीसीची गाडी असली तर तिघे लागतात, एवढंच.

म्हणून माझं ठाम मत आहे की शहरात सुरक्षेचा सगळ्यात जास्त उपयोगी पैसा गाडीवर नसून पार्किंगच्या फरशीत आहे. आरसीसीच्या भिंतीत किंवा काँक्रिटमध्ये १२ किंवा १६ मिमीचे अँकर बोल्ट ठोकून जाड पोलादी कडी बसवता येते. पेव्हर ब्लॉकमध्ये बसवू नका, ब्लॉकसकट उपटून येते. बोल्ट घट्ट केल्यावर त्याच्या डोक्यावर वेल्डिंगचा एक टिपका मारून घ्या, म्हणजे पाना चालत नाही. खर्च एका डिस्क लॉकच्या आसपास येतो. सोसायट्या लॉबीच्या टाइल्सवर लाखो घालतात, पण दुचाकीच्या पार्किंगमध्ये एक कडी बसवायला वार्षिक सभेत विषय मांडावा लागतो आणि तिथे तो बारगळतो. रेल्वे स्टेशन, मंडई, सरकारी रुग्णालयं, इथे तर माणूस तासन्‌तास गाडी सोडून जातो. तिथल्या दुचाकी पार्किंगमध्ये जमिनीलगत एक जाड पाइप आडवा रोवला तरी हजारो लोकांना साखळी अडकवायला जागा मिळेल. पैसे घेऊन पावती देणाऱ्या ठिकाणी हे बंधनकारक असायला हवं.

इंजिन अडवण्यासाठी लपवलेला स्विच हा स्वस्त आणि खरोखर चालणारा उपाय आहे, पण तो कुठे बसवायचा हे गाडीवर ठरतं. मुख्य फ्यूज काढून खिशात घालणारे बरेच आहेत. ज्या गाड्या बॅटरी काढली तरी किकने सुरू होतात, त्यांना फ्यूज काढल्याने काहीच होत नाही. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाच्या वायरीत स्विच घाला. पंप काही अँपिअर ओढतो, म्हणून स्विच किमान १० अँपिअरचा हवा आणि वायर मूळ जाडीचीच. जोड पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर करून हीट-श्रिंक चढवा. ढिला जोड म्हणजे घाटात ट्रकच्या पुढे बंद पडलेली गाडी, आणि ते चोरीपेक्षा वाईट. जुन्या गाडीत पल्सर कॉइलच्या (स्पार्कची वेळ सांगणारा सेन्सर) वायरीत स्विच टाकतात, पण तो सिग्नल बारीक असतो, जोड खराब असेल तर मिसिंग सुरू होतं, म्हणजे इंजिन अडखळतं. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आपल्या वडीलधाऱ्यांची सवय आजही उपयोगी आहे: पेट्रोलचा कॉक बंद करा. फ्लोटमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाईल आणि भर रस्त्यात थांबेल.

जीपीएसवर सध्या सगळ्यांचा भरवसा आहे, म्हणून त्याचं गणित सांगतो. बॅटरीला जोडलेला ट्रॅकर उभ्या गाडीत २० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. ३ अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी बंद. दिवाळीत गावाला जाऊन आलं की गाडी सुरू होत नाही, मग लोक ट्रॅकरच काढून टाकतात. घेताना स्लीप करंट (उभ्या गाडीत तो किती वीज ओढतो) विचारा, आत स्वतःची बॅटरी आहे का बघा, आणि सिम ४जी आहे का ते पहा. बेसमेंटमध्ये सिग्नल जातो, तिथे शेवटचं ठिकाणच दिसत राहतं. सीटखालचा ट्रॅकर चोर पहिल्यांदा शोधतो. ब्लूटूथ टॅगचं वेगळंच आहे. तो जवळच्या फोनांच्या आधारावर चालतो, शहरात चालतो, वाडी-वस्तीवर तसे फोन नसले की गप्प. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्याच फोनवर येते. तरी लावा, पण ठिकाण दिसलं म्हणून एकटे जाऊ नका. पोलिसांना सोबत घेऊनच जा.

शॉक सेन्सरच्या अलार्मवर पैसे घालवू नयेत असं मी स्पष्ट सांगतो. गणपतीत ढोल-ताशाचं पथक गेलं की गल्लीतल्या दहा गाड्या ओरडतात, आणि त्या आवाजाकडे आता कुणी मान वर करून बघत नाही.

कंपन्यांचा भाग इथे येतो. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीत छोटी चिप असते, ती ओळखल्याशिवाय ईसीयू इंजिन सुरू करत नाही. आपल्याकडे महागड्या बाइकमध्ये तो असतो, २०२३ पासून काही स्कूटरच्या स्मार्ट-की मॉडेलमध्येही आला आहे. पण देशातल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त असलेल्या १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्यांमध्ये तो सहसा नसतो. इंजेक्शनमुळे ईसीयू आता बहुतेक नव्या गाड्यांत आहेच, मग चिपवाली चावी का नाही? टोचन किंवा टेम्पो त्याने थांबणार नाहीत. पण चोरलेली गाडी गावात स्वस्तात विकून त्याच दिवशी वापरात आणणं अवघड होईल, आणि चोरीचा धंदा त्या विक्रीवरच उभा आहे. एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटने नंबर बदलणं थोडं कठीण केलं हे मान्य. पण दुचाकीला फास्टॅग नाही, राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, म्हणजे मोटारीसारखा प्रवासाचा मागही राहत नाही.

सगळ्यात मोठी फसगत विम्यात होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. त्याच कागदावर ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीचं नुकसान आणि चोरी) भाग बऱ्याचदा फक्त १ वर्षाचा असतो. लोक '५ वर्षांचा विमा आहे' म्हणून निर्धास्त राहतात, आणि चोरी थर्ड पार्टीत येतच नाही. आजच पॉलिसी काढून ओन डॅमेजची शेवटची तारीख वाचा. रक्कम आयडीव्हीप्रमाणे (घसारा वजा करून विम्यात धरलेली गाडीची किंमत) मिळते: २ ते ३ वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणजे ८० हजारांच्या गाडीचे ५६ हजार. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी हरवली असेल तर त्याच वेळी तक्रार नोंदवा आणि नव्या लॉक-सेटचं बिल जपून ठेवा. चावी गाडीला विसरलेली निघाली तर दावा अडतो किंवा कापला जातो.

गाडी जागेवर नसेल तर आधी ती वाहतूक शाखेने उचलली आहे का विचारा, मग ११२. जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तक्रार ऑनलाइन देता येते, पण ३ दिवसांच्या आत सही करावी लागते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण ऐकून परत येऊ नका. चॅसिस आणि इंजिन नंबरचे फोटो आधीच फोनमध्ये असू द्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी मागा, डीव्हीआर काही दिवसांत जुन्यावर नवं लिहितो. विमा कंपनीला त्याच दिवशी मेल करा. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे, पण कोर्टापर्यंत जायची वेळ कशाला आणायची? ई-चलान रोज तपासा. चोरीनंतर चोराने सिग्नल तोडला असेल तर फोटो, वेळ आणि चौक तुम्हाला घरबसल्या मिळतो, तो तपास अधिकाऱ्याला लगेच द्या. गाडी सापडली नाही तर पोलिस न्यायालयात 'ए समरी' (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही असा अहवाल) देतात, त्याची प्रत विम्यासाठी लागते. त्यासाठी पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहते. ती तशी पडून राहू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर (हमीपत्रावर) ताबा मागण्याचा अर्ज करा. ताबा घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, चॅसिस नंबरवर घासल्याच्या खुणा आहेत का पहा. किक मारण्याआधी ऑइलची पातळी, ब्रेक आणि कापलेल्या वायरी तपासा, आणि लॉक-सेट पूर्ण बदलून मगच गाडी पुन्हा गल्लीत लावा.