समुद्रातली दरी किनारा गिळत नाही

‘बंगालच्या उपसागरात पाताळापर्यंत भोक पडलंय, ते रोज रुंदावतंय, पूर्व किनारा त्यात जाणार, लेकरं परत बोलवा.’ ब्रह्मपुरीकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. काकूने तो वाचला आणि विशाखापट्टणमला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला सांगितलं, “सामान बांध अन् ये.” तेही परीक्षा तोंडावर असताना. आता गप्प बसणं शक्य नाही.

ते भोक नाही, दरी आहे. ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ नावाची, बांगलादेशच्या किनाऱ्यासमोर. तिला तळ आहे आणि तो मोजलेला आहे. विशाखापट्टणम तिथून शेकडो किलोमीटर दूर. मेसेजमधला लाल-निळा फोटो म्हणजे खोलीचा नकाशा. लाल उथळ, निळं खोल. बाजूची रंगपट्टी कुणीतरी कापली, पण कडेला तिचे दोन आकडे अर्धवट राहिलेत. नीट बघा.

सगळ्यात घातक मुद्दा ‘जमीन फाटतेय’ हा. समुद्रातल्या दऱ्या बदलतात, कधी अचानक बदलतात, हे मान्य. पण ते काम गाळाचं आहे. गाळाने भरलेलं पाणी जड असतं. ते तळाने उताराला धावतं, वाटेतला गाळ उपसून आणखी जड होतं आणि वेग घेतं. 2019 च्या शेवटी आफ्रिकेत काँगो नदीला मोठा पूर आला. 2020 च्या जानेवारीत नदीच्या मुखासमोरच्या दरीतून असाच लोंढा सुटला आणि 1,100 किलोमीटरहून लांब गेला. वेग सेकंदाला 5 मीटरवरून 8 मीटरपर्यंत चढला. दरीत बसवलेली मोजणीची यंत्रं सुटून वर आली, इंटरनेटच्या केबल तुटल्या. म्हणजे ‘केबल शत्रूच पाणबुडीतून कापतो’ हा मेसेजमधला मुद्दाही गेला. शास्त्रज्ञांच्या हिशोबाने त्या लोंढ्याने तळातून अडीच घन किलोमीटरहून जास्त गाळ खरवडून नेला. एवढं होऊनही किनाऱ्यावरचं एकही गाव दरीत गेलं नाही.

‘रोज रुंदावते’ हेही खोटं. त्याच काँगोच्या दरीत बाजूची दरड कोसळून वाट अडली आणि तिच्यामागे गाळ साचत गेला. दरी खरवडली जाते तशी भरतेही, आणि दोन्ही एकाच दरीत चालू असतं.

‘तिथे पूर्वी नद्या वाहत होत्या’ हे अर्धं खरं. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी समुद्र 120 मीटरच्या आसपास खाली होता; नद्या गाळ थेट दरीच्या तोंडाशी टाकत. त्याखाली हजार-हजार मीटर खोल मात्र नदी कधी पोचली नाही.

‘जुन्या ग्रंथात लिहिलंय.’ कोणत्या, ते मेसेजात नाही.

पूर्व किनाऱ्याला खरी भीती चक्रीवादळाची, आणि त्याचा इशारा हवामान खातं आधी देतं. काकूला तेच सांगितलंय: तो इशारा आला तर लेकीला फोन कर, आत्ता तिला पेपर देऊ दे.