फायटरला बरणी, मीठ आणि कॅप्सूल: या सल्ल्यात काय चुकतं?

फायटर फिश आजारी पडला की एक सल्ला हातोहात फिरतो. घरात जागा नसेल तर मासा बरणीत काढा, चिमूटभर मीठ टाका, टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून सोडा, वर बदामाचं पान टाका, पाणी कोमट ठेवा आणि औषध टिकावं म्हणून आठवडाभर पाणी बदलू नका. फायटर मुळात डबक्यातलाच मासा, त्याला एवढं पुरतं, असं वर सांगितलं जातं. वन-रूम-किचनमध्ये मासा पाळणाऱ्याला हे सोयीचं वाटणारच. कमी जागेत फायटरवर उपचार होतात, अगदी नीट होतात. फक्त भांडं जितकं लहान, तितकं पाणी जास्त वेळा बदलावं लागतं, आणि हा सल्ला नेमकं उलटं सांगतो. त्यापायी वाचू शकणारे मासे मरतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘फायटर डबक्यातला मासा आहे, त्याला बरणी पुरते.’ थायलंडमध्ये हा मासा भातखाचरांत, दलदलीत, संथ कालव्यांत राहतो. ते पाणी उथळ असतं, पण लांबवर पसरलेलं असतं, आणि त्यातला मळ जिरवायला गाळ, गवत, पाणवनस्पती असतात. फायटरला कल्ल्यांच्या जोडीला लॅबिरिंथ नावाचा आणखी एक अवयव असतो. त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो आणि बरणीत लगेच गुदमरत नाही. पण अंगातला अमोनिया बाहेर पडतो तो मुख्यतः कल्ल्यांतून, आणि तो पाण्यातच साठतो. तोच मासा, तेवढंच खाणं, पण १० लिटरऐवजी १ लिटर पाणी असेल तर अमोनिया दसपट तीव्र होतो. जुन्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. काल भरलेल्या बरणीत ते जिवाणू नसतात.

त्यात सोसायटीचं पाणी बोअरचं असेल तर आणखी पंचाईत. असं पाणी बऱ्याचदा अल्कधर्मी असतं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, ७ वरून ८ वर गेला की एकूण अमोनियातला खरा विषारी भाग साधारण १० पट होतो. मग माशाचे कल्ले लाल दिसतात, परांच्या कडा काळवंडतात, तो तळाशी पडून राहतो आणि धापा टाकतो. घरच्यांना वाटतं आजार बळावला, म्हणून औषधाचा आणखी एक डोस पडतो. खरं तर त्या घडीला माशाला ताजं पाणी हवं असतं. फिन रॉटची, म्हणजे पर कुजण्याच्या आजाराची, सुरुवात असेल तर कित्येकदा नुसत्या स्वच्छ, उबदार पाण्यानेच पर झडायचे थांबतात.

जागेचं म्हणाल तर धान्य ठेवायचा १० लिटरचा प्लास्टिकचा डबा पुरतो. तो ओट्याखालीही मावतो. कधीच साबण न लागलेला घ्या. पाणी १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे अशक्त माशाला श्वासासाठी वर येताना दमछाक होत नाही. झाकणाला भोकं हवीत, कारण फायटर उडी मारतो. तळाशी वाळू किंवा खडे घालू नका. विष्ठा दिसली पाहिजे आणि नळीने रोज ओढून काढता आली पाहिजे.

‘औषध टाकल्यावर पाणी बदलू नका.’ या सगळ्यात सर्वांत घातक वाक्य हेच. औषधाची मात्रा कमी होईल ही भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे: जेवढं पाणी काढलं तेवढ्याच नव्या पाण्यात तेवढ्या हिशोबाचं औषध मिसळायचं. १० लिटरमधलं ५ लिटर बदललं तर ५ लिटरचाच डोस. फिल्टर नसलेल्या डब्यात रोज निम्मं पाणी तरी बदलायला हवं. नव्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घाला, आणि ते जुन्या पाण्याइतकंच उबदार आहे ना हे पाहून हळूहळू ओता. मिथिलीन ब्लूसारखी औषधं फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतात, तेव्हा ती मुख्य टाकीत नकोतच.

‘चिमूटभर मीठ टाका.’ कुणाची चिमूट? मिठाचा उपयोग आहे, पण तो मोजून घातलं तर. सुरुवातीला लिटरला १ ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ५ ते ६ ग्रॅमचा असतो, म्हणजे ५ लिटर पाण्याला एक चमचा. ते वेगळ्या पेल्यात विरघळवून घाला. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. रोज एक चिमूट टाकत गेलं की ते नुसतं साठत जातं. आयोडीनचं मीठ चालत नाही, असंही सांगतात. त्यातलं आयोडीन इतकं कमी असतं की ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. पोट फुगलेल्या माशाला मात्र साधं मीठ नको. तिथे एप्सम सॉल्ट वापरतात, तो निराळा क्षार आहे. आणि अंगावरचे खवले उभे राहिले असतील तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. त्या अवस्थेतून फार थोडे मासे वाचतात, हे आधीच सांगितलेलं बरं.

‘टेट्रासायक्लिन सगळ्यावर चालतं.’ ते जिवाणूंवरचं औषध आहे. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात तो इक, एक परजीवी. त्याच्यावर ते काहीच करत नाही. व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी आजारावरही नाही. व्हेल्व्हेट ओळखायचा असेल तर खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा धरा. डोक्यामागे आणि पाठीवर बारीक सोनेरी थर चमकला, तर तोच. समोरून उजेड टाकला तर तो सहसा नजरेतून सुटतो. बुरशीवरही या गोळीचा उपयोग नाही.

शिवाय पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून टाकतं आणि माशापर्यंत फारच थोडं पोचतं. म्हणजे बोअरच्या पाण्यात कॅप्सूल फोडायची, पाणी लालसर करायचं आणि उरलेलं मोरीत सोडायचं. अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू तयार होतात ते अशानेच. माणसांना चिठ्ठीशिवाय देऊ नये असं हे औषध आहे, ते अंदाजाने बरणीत टाकायचं कारणच नाही.

‘पाणी कोमट ठेवा.’ अर्धं खरं. फायटरला २४ ते २८ अंश मानवतात, आणि थंडीत पुण्या-नाशिकला हीटर लागतोच. इकमध्ये ऊब वाढवली की परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं. औषध त्याला गाठतं ते तो माशाचं अंग सोडून पाण्यात मोकळा असतानाच, म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार आणखी काही दिवस चालू ठेवायचे. पण तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसत असेल तर ती बुरशीच असेल असं नाही. बऱ्याचदा तो कॉलमनॅरिस हा जिवाणूंचा आजार असतो, आणि तो उबेत जास्त झपाट्याने पसरतो. आजार न ओळखता पाणी गरम करणं म्हणजे त्याला हातभार लावणं. आणि बरणी उन्हात ठेवून पाणी कोमट करणं तर नकोच. एवढंसं पाणी दुपारी तापतं आणि रात्री गार पडतं.

‘बदामाचं पान टाका.’ टाका. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं आपोआप गळून वाळलेलं तपकिरी पान धुऊन घ्या, हिरवं तोडू नका. त्यातल्या टॅनिनने पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि जंतूंची वाढ थोडी मंदावते. पण पान हा आधार आहे, इलाज नाही.

‘खाऊ घातलं की ताकद येते.’ आजारी फायटर दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. न खाल्लेला दाणा मात्र डब्यात कुजतो आणि अमोनिया वाढवतो. मासा स्वतःहून वर येऊन अन्न शोधायला लागला की एक-दोन दाण्यांपासून सुरुवात करा आणि पाच मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून टाका. हाताला चीर किंवा जखम असेल तर डब्यात हात घालू नका. माशांमधला एक क्षयगटातला जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो. आजारी माशाची जाळी आणि नळी तो टाकीत परत जाईपर्यंत वेगळी ठेवा.