बैकालचं पाणी चीन पळवतोय?

कुल्तुक या रशियन गावातला चिनी पैशांचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना बैकाल सरोवर आटवतोय, असा मजकूर पुन्हा फिरतोय. २०१९ मध्येच इर्कुत्स्कच्या न्यायालयानं त्याची बांधकाम परवानगी बेकायदा ठरवली. शिवाय योजना वर्षाला १९ कोटी लिटरची होती. बैकालमधून निघणारी अंगारा नदी एवढं पाणी साधारण दोन मिनिटांत वाहून नेते! विरोध मात्र खुळा नव्हता. जागा पाणथळ, स्थलांतरित पक्ष्यांच्या मुक्कामाची.

खरं दुखणं जुनंच. सरोवराकाठच्या बैकाल्स्क शहरातला लगदा-कागद कारखाना १९६६ ते २०१३ चालला आणि लाखो टन लिग्निनयुक्त (लिग्निन म्हणजे लाकडातला चिवट घटक) गाळ काठावरच्या उघड्या हौदांत सोडून गेला. वर डोंगर आहेत. चिखल-दगडांचा लोंढा आला, तर हा गाळ थेट सरोवरात जाईल.