फोर्टिंगॉलचं झाड जुनं आहे, पण ड्रुइडांचं कशावरून?

स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात फोर्टिंगॉल नावाचं खेडं आहे. तिथल्या चर्चच्या आवारात यू (yew) या सूचिपर्णी जातीचं एक पुरातन झाड उभं आहे. त्याच्या फोटोखाली फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘वय ५००० वर्षं. ड्रुइड पुरोहितांचं हे पवित्र स्थान. मिशनऱ्यांनी ते बळकावून शेजारी चर्च बांधलं. येशूला सुळी देणारा पंतय पिलात याच झाडाखाली जन्मला. आणि २०१५ मध्ये झाडाने चक्क लिंग बदललं.’ मराठी ग्रुपांवर येईपर्यंत याला ‘आपल्या देवराईसारखंच’ अशी शेपूटही जोडली जाते.

आधी वय. झाडाचं वय खोडातल्या वलयांवरून काढतात, आणि इथे घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. यूचा गाभा आतून कुजत जातो आणि झाड बाहेरच्या कडेने जगत राहतं. फोर्टिंगॉलमध्ये सर्वांत जुनं लाकूड कधीच नाहीसं झालंय, त्यामुळे मोजायला वलयंच नाहीत आणि कार्बन चाचणीला नमुनाही नाही. १७६९ मध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी घेर मोजला तो ५२ फूट भरला. त्याच सुमारास थॉमस पेनंट यांनी साडेछप्पन्न नोंदवला. दोघांत साडेचार फुटांचा फरक, कारण खोड तेव्हाच दुभंगलेलं होतं. आज तिथे अलग अलग उभे असलेले काही बुंधे दिसतात आणि जुना घेर कुठवर होता ते जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवरून कळतं. त्या घेरावरून आणि यूच्या वाढीच्या वेगावरून जाणकार साधारण २००० ते ३००० वर्षं असा अंदाज बांधतात. यू कधी कधी वर्षानुवर्षं जेमतेमच वाढतो, म्हणून हाही अंदाजच. ५००० हा आकडा त्यावर चढवलेला मजला आहे.

आता मुख्य मुद्दा, ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांचे पुरोहित. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. जे कळतं ते ग्रीक-रोमन लेखकांकडून. प्लिनी इ.स. पहिल्या शतकात लिहितो की गॉलमधल्या (आजचा फ्रान्स आणि आसपासचा भाग) ड्रुइडांना सर्वांत पवित्र काय, तर मिस्लटो नावाचं बांडगूळ आणि ते ज्यावर वाढतं तो ओक. यू नव्हे. सीझरच्या लिखाणात यू येतो तो विष म्हणून: कातुवोल्कस नावाच्या म्हाताऱ्या राजाने इ.स.पू. ५३ मध्ये यूने स्वतःचा जीव घेतला. आणि फोर्टिंगॉलमध्ये ड्रुइड होते, हे सांगणारा एकही समकालीन शब्द नाही.

देवराईशी तुलना करायचीच तर नीट करू. आपल्याकडे देवराई म्हटली की देव कोणता, तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं की नाही, हे गावातलं कोणीही सांगतं. फोर्टिंगॉलच्या झाडाला ना देवतेचं नाव, ना नियम, ना नैवेद्याची खूण.

मग तिथे ख्रिस्तपूर्व काही नव्हतंच का? होतं की! गावाजवळ उभ्या शिळा आहेत, आणि ‘कार्न नॅम मार्व’ ही कांस्ययुगीन टेकडी आहे. तिच्यावर १९२४ पर्यंत हिवाळ्याच्या तोंडावर साव्हिन या जुन्या केल्टिक सणाची होळी पेटायची. पण या शिळा नि टेकडी ड्रुइडांच्या पहिल्या उल्लेखाच्याही हजारभर वर्षं आधीच्या. जुनं दिसलं की ड्रुइडांच्या नावे खातं उघडायचं, ही अठराव्या शतकातल्या हौशी संशोधकांची सवय. ती अजून सुटलेली नाही. त्याच शतकात गावातली पोरं बेल्टेनला, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीच्या केल्टिक सणाला, या यूच्या बुंध्याशीच जाळ करायची, असंही सांगितलं जातं. ती पूजा होती की पोरांची हौस, देव जाणे. झाड मात्र होरपळलं.

चर्चने बळकावल्याचा पुरावा म्हणून पोप ग्रेगरी यांचं ६०१ सालचं पत्र पुढे करतात. त्यात मूर्तिपूजकांची मंदिरं न पाडता त्यांची चर्च करा, असं सांगितलंय खरं. पण ते इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांसाठी होतं आणि मंदिरांबद्दल होतं. फोर्टिंगॉल मात्र पिक्ट या स्कॉटलंडातल्या वेगळ्या लोकांच्या मुलखात. वरच्या अंदाजानुसार झाड चर्चच्या आधीचं आहे, हे मान्य. पण आधी झाड होतं म्हणजे आधी मंदिर होतं, असं होत नाही.

पिलाताबद्दल फार लिहायची गरज नाही. तो यहूदियाचा सुभेदार होता इ.स. २६ ते ३६. रोमन फौजा स्कॉटलंडात पोचल्या ८० च्या आसपास. त्याचा बाप रोमन सम्राट ऑगस्टसचा दूत म्हणून इकडे आला होता, ही नंतरची दंतकथा.

राहिलं लिंगबदलाचं. यूमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळं मादीलाच येतात, आणि हे झाड नर. २०१५ मध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाचे मॅक्स कोलमन यांना एका फांदीवर तीन लाल फळं दिसली. बदलली ती तेवढी फांदी. बाकी झाड नरच राहिलं. सूचिपर्णी वृक्षांत असं अधूनमधून होतं.

आणि २०१९ मध्ये स्थानिक जैवविविधता कार्यकर्त्यांची तक्रार बातम्यांत आली: लोक फांद्या तोडून आठवण म्हणून नेतात, कुंपणाआत शिरून झाडाला रिबिनी नि मणी बांधतात, आणि त्याचा झाडावर ताण येतो. पूर्वी याच्या लाकडाचे प्याले करून पाहुण्यांना विकत. एडिंबरोच्या उद्यानाने मात्र याच्या काड्या नेऊन रोपं तयार केली आहेत, यूच्या कुंपणासाठी.