मोठा हिस्सा तुमचाच

सोलापुरातल्या आमच्या बाळीवेशीतल्या घरात चुली तीन, लाईटचे मीटर तीन आणि महापालिकेच्या टॅक्स पावत्याही तीन. मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचं प्रॉपर्टी कार्ड, मात्र एकच, आणि तिच्यावर मालक म्हणून आजोबा. त्यांना जाऊन जमाना झाला; पण सिटी सर्व्हेच्या दप्तरी ते अजून याच घरात राहत होते आणि विशेष म्हणजे कुणाशीही भांडत नव्हते.

थोरले अप्पा पुढच्या भागात, आम्ही मागच्या, धाकटे बापू अप्पांच्या डोक्यावर, म्हणजे माडीवर. परसात मागाची शेड, तिच्यातले माग कधीच भंगारात गेलेले. अंगणात जमिनीखाली हौद. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरातली खरी इस्टेट तोच. मुलांना बँकेचं कर्ज हवं झालं तेव्हा बँकेनं विचारलं, ‘कार्ड कुणाच्या नावावर?’ मग सगळ्यांना आजोबांची आठवण आली.

‘टॅक्स मी भरतो, म्हणजे घर माझंच की!’ अप्पा वकिलांना म्हणाले. वकील म्हणाले, ‘टॅक्स भरला म्हणून मालकी मिळत नाही, अप्पा.’ मग अप्पांनी ट्रंकेतून जुनं वाटणीपत्र काढलं. स्टॅम्प पेपर, पंचांच्या सह्या, कडुनिंबाची वाळकी पानं, सगळं जागच्या जागी. वकिलांनी ते उलटसुलट पाहिलं. नोंदणीचा शिक्का कुठंच नव्हता. १९०८च्या नोंदणी कायद्यानं १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची वाटणी कागदावर केली, तर तो कागद नोंदवावाच लागतो. ‘मग शंभराच्या आतलं तरी आमच्यात वाटलं गेलं ना?’ अप्पांनी विचारलं. बराच विचार करून न्हाणीघरातल्या साबणाच्या कोनाड्यावर एकमत झालं.

नव्यानं सुरुवात करायची तर आधी वारस नोंद. म्हणजे आत्या आली. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. आमच्या तिन्ही काकवांना (आई धरून) हा कायदा त्या दिवशी प्रथमच कळला आणि तो फार घाईनं केला असावा असं त्यांचं मत पडलं. आत्या विजापूरहून आली, चहा प्याली आणि म्हणाली, ‘हक्क सोडते की. पण गड्ड्याच्या जत्रेत मी येणार, आणि मला माडीवरची रस्त्याकडची खोली पाहिजे. कागदात तसं लिहा.’

वकील म्हणाले, ‘आत्याबाई, हक्कसोड म्हणजे सोडलं ते सोडलं. खोली ठेवून हक्क कसा सोडणार?’

‘मग राहू द्या. हक्क ठेवते, खोली सोडते.’

वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. शेवटी खोलीचं वचन तिन्ही भावांनी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचं नाव घेऊन तोंडी दिलं. त्याला ना नोंदणी लागते, ना मुद्रांक, आणि मोडायची कुणाची छाती नाही.

मोजणी ठरली ती भर मे महिन्यात. भूमापक टेप घेऊन आले, मागून आम्ही सगळे, सोलापूरचं ऊन डोक्यावर. जुन्या कागदात सगळी मापं खणांत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. ती सुतारानं ठरवायची. अप्पा बोलायचे खणांत, आम्ही फुटांत, आणि सरकारी नकाशा चौरस मीटरमध्ये. ‘तुमच्या वाटणीला ४२ येतात,’ असं ऐकून थोरल्या काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी मोबाईलवर गुणून ४५२ चौरस फूट सांगितले तेव्हा पदर खाली आला, आणि मग आमचे किती, अशी चौकशी सुरू झाली.

खरा पेच बापूंचा. कार्ड जमिनीचं निघतं आणि बापूंच्या खाली जमीन नव्हती, अप्पा होते.

‘म्हणजे मी इतकी वर्षं काय हवेत राहतोय का?’ बापू तापले.

‘तसंच काही नाही,’ भूमापक नम्रपणे म्हणाले, ‘पण हवेचं कार्ड निघत नाही.’

१९७०चा अपार्टमेंट कायदा वापरून मजलेही वेगळे करता येतात, असं वकिलांनी सुचवलं. पण बाळीवेशीतल्या माळवदाच्या घराला अपार्टमेंट म्हणायला अप्पांची जीभ रेटेना. शेवटी बापूंना मागाची शेड आणि परस दिलं, माडी अप्पांकडे गेली, बोळ आणि हौद सामाईक राहिले. जमिनीचे तुकडे पाडायचे म्हणून महापालिकेची मंजुरीही घेतली. त्या भागात हसण्यासारखं काही घडलं नाही.

मजा आली ती मुद्रांकाला. आमच्या घरात प्रत्येकाचा हिस्सा लहान असतो. लग्नात, बारशात, श्राद्धाच्या पंगतीतसुद्धा हेच ऐकत मी मोठा झालो. वकिलांनी सांगितलं, ‘वाटणीत जो सर्वांत मोठा हिस्सा, तो धरायचा नाही, मुद्रांक शुल्क बाकीच्या हिश्श्यांवर.’ आणि ज्यानं त्यानं आपलं शुल्क भरायचं हे आधीच ठरलेलं!

खोलीत शांतता पसरली. मग अप्पा खाकरले. ‘तसं बघायला गेलं तर रस्त्याकडचा भाग आमचा. वर माडी. मोठा आमचाच म्हणायचा.’ बापू म्हणाले, ‘परस केवढं आहे ते बघा की.’ माझे वडील कधी बोलत नाहीत, तेही म्हणाले, ‘मागच्या दोन खोल्या फार ऐसपैस आहेत.’ माणसं एवढी समाधानी मी त्या घरात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

रेडी रेकनरनं, म्हणजे जागेच्या सरकारी दरपत्रकानं, आकडे मांडले आणि थोड्या फरकानं मोठा हिस्सा आमचा ठरला. दुय्यम निबंधकांसमोर एकेकाचा फोटो निघाला, अंगठे उमटले, यथावकाश तीन कार्डं आली. शुल्क भरावं लागलं तरी थोरल्या काकू खूश होत्या. ‘मी म्हणत होते ना, मोठा हिस्सा तुमचाच! आता सरकारनंच लिहून दिलं.’

परवा हौद साफ करायला माणूस बोलावला. काकूंनी दस्ताची झेरॉक्स आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, ‘मोठा हिस्सा त्याची मोठी वर्गणी.’

आईनं झेरॉक्स नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाली, ‘देते की. आजपासून पाणीपण हिश्श्याप्रमाणंच घेऊ.’

आता हौदाची वाटणी कशी करायची, ते विचारायला बापू वकिलांकडे गेलेत.