एमएमएमधील रेफ्री आणि ‘मनमानी’चा आरोप

एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती अशा सगळ्यांची मुभा असलेला लढतीचा खेळ) एखादी लढत वादग्रस्त ठरली की एक दावा हमखास फिरू लागतो: फाऊलनंतर गुण कापणे बंधनकारक असूनही रेफ्री तो कापत नाही, लढत थांबताच हरलेला खेळाडू उठून उभा राहिला, तर ती घाईने थांबवलेली असते, आणि व्हिडिओ पाहून निर्णय दिल्यास हे सारे वाद मिटतील. यातले पहिले विधान नियमांशी विसंगत आहे, दुसरे तर्काला धरून नाही आणि तिसऱ्यात अर्धेच तथ्य आहे.

ताकीद द्यायची, एक किंवा दोन गुण कापायचे की थेट बाद करायचे, हे फाऊल हेतुपुरस्सर होता का आणि त्याचा परिणाम किती झाला यावरून ठरवण्याचा अधिकार युनिफाइड नियमांनीच (एमएमएच्या सामाईक नियमावलीनेच) रेफ्रीला दिलेला आहे. मार्च 2019 मध्ये जॉन जोन्सने खाली टेकलेल्या अँथनी स्मिथच्या डोक्यावर नियमबाह्य गुडघा मारला, तेव्हा रेफ्री हर्ब डीन यांनी दोन गुण कापले. स्मिथने पुढे लढण्याची तयारी दाखवली आणि जोन्स तिन्ही परीक्षकांच्या मते 48-44 असा जिंकला. मार्च 2021 मध्ये पेत्र यानने अल्जमेन स्टर्लिंगला असाच गुडघा मारला, पण स्टर्लिंग पुढे लढू शकला नाही, म्हणून यान बाद होऊन त्याचे विजेतेपद गेले. फाऊल एकाच जातीचे असूनही निकाल वेगळे लागले, कारण मार खाणाऱ्यांची अवस्था वेगळी होती. डोळ्यात बोट जाण्याबाबत मात्र टीकाकारांशी मी सहमत आहे. त्याच महिन्यात पहिल्या फेरीत ताकीद मिळालेल्या लिऑन एडवर्ड्सचे बोट दुसऱ्या फेरीच्या 18व्या सेकंदाला बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात गेले, आणि लढत ‘नो कॉन्टेस्ट’ (म्हणजे निकालाविना रद्द) ठरून एडवर्ड्स पराभवाविना सुटला.

लढत थांबवताना रेफ्रीसमोर एकच प्रश्न असतो: हा खेळाडू या क्षणी विचारपूर्वक स्वतःचा बचाव करत आहे का? दहा सेकंदांनंतर तो उभा राहिला, यावरून त्या क्षणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. शुद्ध हरपलेले खेळाडूही अनेकदा तितक्यातच उठतात आणि काय घडले ते रेफ्रीलाच विचारतात. जोन्स-स्मिथ लढतीच्याच रात्री बेन ॲस्क्रनच्या चोकमध्ये (गळा आवळणाऱ्या पकडीत) सापडलेल्या रॉबी लॉलरचा हात सैल पडलेला पाहून डीन यांनी लढत थांबवली आणि लॉलर लगेच उठून निषेध करू लागला. डीन यांचा अंदाज चुकला असेलही, पण गळा आवळलेला असताना सैल पडलेल्या हाताकडे दुर्लक्ष करणारा रेफ्री कोणत्याही खेळाडूला परवडणारा नाही.

राहिला व्हिडिओचा मुद्दा. एप्रिल 2017 मध्ये क्रिस वाइडमनचे दोन्ही हात टेकलेले असताना, म्हणजे तेव्हाच्या नियमानुसार तो ‘जमिनीवर’ असताना, त्याच्या डोक्यावर गेगार्ड मुसासीचा गुडघा बसला, असे समजून रेफ्री डॅन मिराग्लिओटा यांनी लढत थांबवली. गुडघे नियमात बसणारे असल्याचे नंतर ठरले, तोवर डॉक्टरांनी वाइडमनला पुढे लढण्यास मनाई केली होती आणि मुसासीला विजयी घोषित करण्यात आले. लढत संपवणाऱ्या घटनेची शहानिशा व्हिडिओने जरूर करावी, परंतु मध्येच थांबून चित्रफीत पाहत बसल्यास गलितगात्र झालेल्या खेळाडूला फुकटची विश्रांती मिळते. शिवाय हा विशिष्ट घोळ नियम बदलूनही सुटू शकत होता: नोव्हेंबर 2024 पासून लागू झालेल्या सुधारित व्याख्येनुसार केवळ हात टेकल्याने खेळाडू ‘जमिनीवर’ मानला जात नाही, त्यामुळे बोटे चटईला लागली होती की नाही हे शोधण्याची गरजच उरलेली नाही.