‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

पावसाळा लागला की आमच्याकडच्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. पाहुण्यांचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कुठूनही येतो. विषय असतो म्हैसमाळ, आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं खुलताबादजवळचं डोंगरपठार. मजकूर थोडक्यात असा: ‘पुण्या-मुंबईवाल्यांना महाबळेश्वर आहे, मग मराठवाड्यानंच काय घोडं मारलंय? म्हैसमाळला थंडी आहे, धुकं आहे. ओसाड पडलेल्या त्या माळावर मोठी हॉटेलं, रोपवे, काचेचा पूल, चौपदरी रस्ता करा, भरपूर झाडं लावा. पाण्याची चिंता नको, डोंगरावर धो धो पाऊस पडतो. हजारो तरुणांच्या हाताला काम मिळेल. बंधनं घातली की पर्यटक पळतात. पर्यावरणवाल्यांचं ऐकत बसलो तर मराठवाडा जन्मभर मागास राहील.’ खाली तिरंगा आणि ‘मराठवाड्याचे असाल तर पुढे पाठवा.’

मराठवाड्याला डावललं गेलंय, या एका मुद्द्यावर मी डोळे झाकून सही करतो. बाकीचं मात्र एकेक करून बघू.

आधी महाबळेश्वराशी केलेली तुलना. महाबळेश्वर साधारण 1,370 मीटरवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर. वर्षाला पाऊस 5,000 ते 6,000 मिलिमीटर. म्हैसमाळ 1,067 मीटरवर, पर्जन्यछायेत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची वार्षिक सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास. डोंगरावर थोडा जास्त धरा. म्हणजे तिकडच्या पावसाचा सहावा-सातवा हिस्सासुद्धा कसाबसा. मे महिन्यात म्हैसमाळला जाऊन बघा. संध्याकाळचं वारं छान असतं, यात वाद नाही. पण दुपारी गवत वाळून पिवळं पडलेलं आणि खडक तापलेला. या डोंगराचा बहर जुलै ते सप्टेंबर, त्यातही गर्दी शनिवार-रविवारची. त्या पंचवीसएक दिवसांच्या भरवशावर कोट्यवधींचं हॉटेल कोण चालवणार? चाललं नाही की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. अजिंठा आणि वेरूळला भलामोठा खर्च करून देखणी अभ्यागत केंद्रं बांधली आणि थकलेल्या पाणी-विजेच्या बिलांपायी ती बंद पडली. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही.

आता पाणी. मेसेजमधला सगळ्यात धादांत खोटा भाग हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

पाऊस पडणं वेगळं आणि पाणी टिकणं वेगळं. आपला सगळा डोंगर बेसाल्टचा. विहीर खोदणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तो थर सांगेल: वर मुरूम, मग मांजऱ्या (म्हणजे सच्छिद्र खडक), मग काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि मांजऱ्या. काळ्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी. पठारावर पडलेला पाऊस या वरच्या थरात मुरतो, आडवा सरकत कडेला येतो आणि झऱ्याच्या रूपानं खाली उतरतो. तिथं साठायला खोली नाही आणि वरून भर घालायला दुसरा डोंगर नाही. म्हणून ऑगस्टमध्ये ज्या कड्यावरून धार पडताना आपण सेल्फी काढतो, तो दिवाळीनंतर कोरडा ठाक असतो. पठारावर बोअर घेतलाच, तर खालच्या गावांच्या झऱ्याचं आणि विहिरीचं पाणीच आपण वरच्या वर ओढून घेतो.

पठारावर चहा-भज्यांची टपरी चालवणाऱ्या एका मावशींना मी विचारलं होतं, पाणी इथलंच का? त्या हसल्या. ‘इथलं कुठलं बाबा, खालून जीपमधी ड्रम येतो. वापरायचं येगळं, चहाचं येगळं.’ भांडी विसळलेलं पाणी त्या फेकत नव्हत्या, पुढच्या खेपेच्या पहिल्या विसळणीला बादलीत ठेवत होत्या. ही भर पावसाळ्यातली गोष्ट.

आता हिशोब मांडू. हॉटेलसाठी आपल्याकडचं बांधकामाचं मानक आहे एका खाटेमागे दिवसाला 180 लिटर. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला द्यायचं उद्दिष्ट 55 लिटर. वर 500 खाटांची हॉटेलं उभी राहिली की रोजचे 90,000 लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकरच्या नऊ खेपा. तेवढ्यात सोळाशे वस्तीचं गाव भागतं. यात स्विमिंग पूल आणि लॉन धरलेलंच नाही. ज्या मराठवाड्यात एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ‘पाण्याची चिंता नको’ लिहायला मोठं धाडस लागतं. ‘वर तलाव बांधू’ असं काहीजण म्हणतात. उघड्या माळावर, उन्हाळ्याच्या वाऱ्यात, उथळ तलावाचं काय होतं हे आपल्या पाझर तलावांना विचारा.

शिवाय नऊ टँकर पाणी वर गेलं, तर त्यातलं बहुतेक सांडपाणी होऊन खाली येणारच ना? गिरिजा नदी याच डोंगरात उगम पावते आणि पुढं पूर्णेला मिळते. वेरूळच्या लेण्यांवरून पावसाळ्यात कोसळणारी येळगंगा याच डोंगररांगेतली. 1983 पासून जागतिक वारसा असलेल्या लेण्यांच्या डोक्यावर हॉटेलांचे शोषखड्डे आणायचे का, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्यानं द्यावं.

‘ओसाड माळ, झाडं लावा.’ हा दावा चांगल्या मनाची माणसंही करतात, म्हणून चिडायचं नाही. पण माळ ओसाड नसतो. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसांत तो कंदांतून वर येतो. आधी बारीक पांढरी-जांभळी फुलं, मग तेरडा, मग कवला, आणि सप्टेंबरात सोनकीनं पिवळा होतो. यातल्या कंदवर्गीय झाडांचं जमिनीवरचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं. उरलेलं वर्ष ती बोटभर मातीखाली झोपून काढतात. मार्चमध्ये गेलेल्या माणसाला तिथं काही दिसत नाही आणि तो ‘पडीक’ असा शेरा मारून मोकळा होतो. गवतातही मारवेल वेगळं, कुसळी वेगळी (दिवाळीनंतर जाऊन आलात तर कुसळी तुमच्या मोज्यांतून घरापर्यंत येते). आजूबाजूच्या गावांची गुरं याच चाऱ्यावर निघतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवी-चंडोलांना उघडा माळच लागतो. तिथं गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की सावलीत गवत मरतं, चारा जातो आणि फोटोत मात्र हिरवळ वाढते. झाडं लावायचीच असतील तर उतारावरच्या ओहोळांच्या कडेनं, गावाच्या शिवेवर, गायरानाच्या बांधावर लावा. माळाला त्याच्या गवतावर सोडा.

खरं नुकसान कशानं होतंय, ते कुठल्याही पावसाळी रविवारी दिसतं. गाड्या रस्ता सोडून थेट गवतात घुसतात. मोटारसायकलवाली पोरं चिखलात गोल गोल चाकं फिरवून व्हिडिओ काढतात. ती चाकोरी पुढच्या वर्षीही तशीच असते: दोन बोटं खोल, घट्ट दाबलेली, पाणी साचलेलं. दोन्ही बाजूंना सोनकी फुललेली आणि मधे उघडी माती. वाऱ्याच्या आडोशाला प्रत्येक झुडपात कागदी प्लेटा, कणसांची सालं, पाण्याच्या बाटल्या. यावर उपाय स्वस्त आहे. रस्त्याच्या कडेनं दगड रचायचे आणि ठरलेल्या दोन-तीन जागांशिवाय गाडी उतरूच द्यायची नाही.

तेवढ्यात मेसेजमधलं पुढचं वाक्य आडवं येतं: बंधनं घातली की पर्यटक पळतात. गंमत अशी, की ज्या महाबळेश्वरचा दाखला दिलाय, ते पाचगणीसकट जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वीस वर्षांहून जास्त काळ बंधनात आहे आणि मे महिन्यात तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. माथेरान 2003 पासून याच यादीत. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि पुढं पायी, घोड्यावर किंवा रेल्वेनं जायचं. लोक जातातच. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर रोज 3,000 माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, प्रवेशशुल्क. तरी फुलांच्या हंगामात सुट्टीच्या दिवसाची नोंदणी मिळवताना नाकी नऊ येतात. एवढं लांब कशाला? आपल्या अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून चार किलोमीटर बसनं जावं लागतं. त्यामुळं अजिंठा नको म्हणणारा पर्यटक मला तरी भेटलेला नाही.

कासकडून एक धडा उलटाही घ्यायचा. तिथं पठाराला कुंपण घातलं, गुरं बंद झाली, गवत माजून फुलझाडं दबतात अशी ओरड झाली आणि पुढं ती जाळी काढावी लागली. तेव्हा म्हैसमाळला उद्या कुणी ‘संरक्षण’ म्हणून तारेचं कुंपण सुचवलं, तर त्यालाही विरोध करावा लागेल. आवरायचंय ते चाकांना, गुरांना नाही.

मर्यादा किती ठेवायची, हे ठरवायला फार मोठी समिती लागत नाही. वर किती गाड्या नीट उभ्या राहतात, किती संडास पाण्यासकट चालू आहेत, रोज किती कचरा खाली नेता येतो, घाटात अडकलेल्या रुग्णवाहिकेला वाट मिळेल अशी किती वाहनं एका वेळी चालतात, हे आकडे काढायचे. त्यातला सगळ्यात लहान आकडा ती त्या दिवसाची मर्यादा. संडास वाढले, मर्यादा वाढवा. बाकीच्यांनी खुलताबादला गाडी लावावी आणि सुट्टीच्या दिवशी एसटीच्या बसनं वर यावं.

चौपदरी रस्ता, रोपवे, काचेचा पूल यांवर फार शब्द घालवत नाही. बेसाल्टचा उतार रस्त्यासाठी उभा कापला की पावसात काय होतं, हे 31 ऑगस्ट 2021 ला कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या तेव्हा आपण पाहिलंय. काचेचा पूल बघायचाच असेल तर कुठल्याही मॉलच्या छतावर बांधता येतो, त्याला डोंगर लागत नाही.

रोजगाराचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणारे पर्यावरणवाले मला आवडत नाहीत. खुलताबाद तालुक्यातल्या पोरांना काम हवंच आहे. प्रश्न कसलं काम आणि किती महिने, हा आहे. मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक बाहेरून येतो, भाजी शहरातून येते आणि गावातल्या पोराला मिळते ती वॉचमनची खुर्ची. हंगाम संपला की तीही जाते. त्याऐवजी मुक्काम पायथ्याच्या गावांत ठेवा. निवास-न्याहरी योजना आहे, राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलंय. विहिरी, शेतं, दूध, भाकरी गावातच आहे, माणसं दिवसा वर जातील आणि रात्री खाली येतील. पावसाळ्यात म्हैसमाळ, थंडीत हुरडा, सीताफळाच्या दिवसांत सीताफळ. शहरातली मंडळी हुरड्यासाठी माणशी पैसे मोजून शेतात येतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याच मुक्कामात वेरूळ, देवगिरीचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, शूलिभंजनचं दत्त मंदिर बसतं. कन्नडकडं निघालात तर पितळखोरा आणि गौताळा. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 पासूनचं, 260 चौरस किलोमीटरचं, आणि म्हैसमाळला जाणाऱ्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेलंही नसेल. एक रात्र राहणारा पाहुणा दोन तासांच्या भजी-सेल्फीवाल्यापेक्षा गावात कितीतरी जास्त पैसे सोडतो. वाहनतळाची पावती, वाटाड्याचं काम, कचरा खाली नेणं हे ग्रामपंचायत आणि वन समितीकडं द्या. कासला आसपासच्या गावांची समितीच हे सांभाळते.

वेरूळ-म्हैसमाळ-शूलिभंजन-खुलताबाद असा एकत्रित विकास आराखडा पूर्वीच झालेला आहे, तेव्हा ‘कुणी काही करतच नाही’ हेही खरं नाही. पुढच्या ग्रामसभेत त्या आराखड्याची प्रत मागवा आणि त्यात दोन गोष्टी शोधा: मे महिन्याचं पाणी कुठून येणार, आणि बांधून झाल्यावर पहिल्या पाच वर्षांचं वीजबिल कुणाच्या नावावर निघणार. हे दोन रकाने कोरे असतील, तर काचेच्या पुलाचं पान उलटायचीही गरज नाही.